मीठ, कोळसा आणि मदरबोर्ड

सुटे भाग मागवून घरी जोडलेला संगणक पहिल्यांदा बटण दाबल्यावर सुरू झाला नाही, तर शिकलासवरलेला माणूसही तेच बटण पुन्हा, अधिक जोरात दाबतो. मीही दाबले. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा खटका चालू होता, मदरबोर्डचा 24 पिनांचा आणि प्रोसेसरचा 8 पिनांचा असे दोन्ही कनेक्टर नीट बसलेले होते, रॅमही काढून पुन्हा बसवली होती. धुळ्याच्या मे महिन्यात घामाने निथळत मी कॅबिनेटसमोर बसलो असताना आप्पा आले.

आप्पा आमचे देवपुरातले शेजारी, निवृत्त वायरमन. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला आजही टेस्टर असतो. “काय व्हयनं भो?” एवढे विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्यांनी टेस्टरचे टोक कॅबिनेटच्या पत्र्याला लावले. आतला दिवा मिणमिणला आणि आप्पांचा चेहरा लख्ख उजळला. “अर्थिंगच नही शे!”

निदान खरे होते, पण दुसऱ्याच रोगाचे. अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित प्रवाह पत्र्यावर उतरतो आणि हाताला मुंग्या येतात. संगणक मात्र तेवढ्याने अडत नाही. हे मी समजावून सांगितले तेव्हा आप्पांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिले. “पहिले खड्डामा पानी टाक.” मग अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला गेला, त्यात मीठ पडले, कुठूनसा आणलेला कोळसा पडला, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात भरलेल्या बादल्या पत्नीच्या डोळ्यांदेखत जमिनीत ओतण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्याकडे पाहुण्यालाही अर्धाच पेला भरून देतात. पत्नी काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

टेस्टरचा दिवा विझला. संगणक मख्खच. आता तो सुरू होत नव्हता, पण सुरक्षितपणे सुरू होत नव्हता.

अखेर मी आप्पांचाच टेस्टर मागून घेतला आणि त्याचे पाते मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना क्षणभर टेकवले. सगळे पंखे गरगरू लागले. कॅबिनेटच्या बटणाचे कामही एवढेच असते, त्या दोन पिना क्षणभर जोडणे, आणि काचेच्या दारामागे रंगीबेरंगी दिवे लावणाऱ्या कंपनीला तेवढे एक बटण धड देता आले नव्हते. मी रीसेटची वायर काढून त्या पिनांवर लावली. तेव्हापासून माझा संगणक रीसेटच्या बटणाने सुरू होतो, आणि तो अर्थिंगमुळे सुरू झाला, हे आप्पांनी गल्लीभर सांगितले आहे.

त्याचे एवढे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुकानदाराचे. “जोडताना तुमच्याच हातून काही झालं असेल,” हे त्याचे पहिले वाक्य आणि “आता चालतंय ना साहेब?” हे दुसरे. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या नव्या वस्तूचे बटण चालत नाही, ही तक्रार त्याच्या लेखी तक्रारच नव्हती. बराच वाद घातल्यावर त्याने कॅबिनेट बदलून देण्याचे कबूल केले. मात्र सगळे भाग मी सोडवायचे आणि कॅबिनेट मूळ खोक्यातून, थर्माकोलसकट आणून द्यायचे.

त्या खोक्यातूनच आप्पांनी कोळसा आणला होता.