कापसाचे पैसे आणि ‘पुढच्या तिमाहीत’ येणारी मेमरी

आमच्या दारव्हा भागात कापसाचे पैसे हाती आले की आता पोरं आधी डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या खात्यात, टाकतात. त्यात वाईट काहीच नाही. पण टेलिग्रामच्या ग्रुपांवर सध्या एकच चालू आहे: अमक्या कंपनीची नवी मेमरी चिप लांबली, शेअर पडला, हीच घ्यायची वेळ, पुढच्या तिमाहीत डबल. हे वाचून मला काळजी वाटते.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पीसी सुरू होत नाही म्हणून कोणी आणला की रॅमची (कामापुरत्या मेमरीची) पट्टी काढायची, सोनेरी पिना खोडरबराने घासायच्या, परत दाबून बसवायची. बरेचदा तेवढ्यानेच भागतं. त्या पट्टीतल्या मेमरीचं, म्हणजे डीरॅमचं, पेटंट १९६८ चं, रॉबर्ट डेनार्ड यांचं. वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. वीज गेल्यावरही टिकेल आणि तितकीच वेगवान असेल अशी मेमरी शोधणं हे खरं, मोलाचं संशोधन आहे. उशीर झाला म्हणजे कंपनी चोर, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं वाणसुद्धा प्लॉटवर जोमात दिसलं म्हणून लगेच आपल्या वावरात येत नाही, कित्येक हंगाम चाचण्या चालतात.

एचपीने २००८ मध्ये अशा मेमरीसाठीचा मेमरिस्टर हा नवा भाग दाखवला, २०१३ पर्यंत बाजारात आणू म्हणाले. आला नाही. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट ही अशीच नवी मेमरी जाहीर केली, पेनड्राइव्हमधल्या नँड मेमरीपेक्षा हजारपट वेगाचा दावा. ऑप्टेन नावाने माल आलाही, कामही करायचा. तरी २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली आणि २०२२ मध्ये इंटेलने ५५.९ कोटी डॉलरचा साठा तोट्यात दाखवून धंदा गुंडाळला. खप कमी म्हणून भाव उतरेना, भाव उतरेना म्हणून खप वाढेना. जुनी मेमरी मात्र सुधारतच राहिली.

परवा एक पोरगा म्हणाला, “भाऊ, उशीर झाला म्हणून तं सस्त्यात भेटून राह्यला न!” मी विचारलं, “त्यायची चिप घेऊन कोण राह्यला, ते सांग.” त्याने मोबाइल पुढे केला. त्यात टार्गेट प्राइसचा, म्हणजे शेअर कितीवर जाईल या अंदाजाचा, स्क्रीनशॉट होता, बाकी काही नाही.

पोरांनो, कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. पैसा माल विकून येतो की नवे शेअर काढून, एवढं तरी त्यात बघा. बियाण्या-खताचे पैसे यात घालू नका. इंग्रजी अडलं तर दुकानात या, सोबत बसून वाचू.