पंखाला धरून उचला!

मॉडेल विमानांच्या प्रदर्शनाला निघालात? उत्तम. टेबलांवर प्लास्टिकची चिमुकली विमानं मांडलेली असतील, प्रत्येकापुढे एक कार्ड असेल आणि कडेला ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी असेल. पाटी इतरांसाठी आहे. तुमच्यासारख्या जाणकारांना बघायला सुद्धा बोटं लागतात, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला माफ करा आणि पुढच्या सूचना नीट वाचा.

पाठीवर भली मोठी सॅक असू द्या. ती दाराशी ठेवायचा मूर्खपणा करू नका. दोन टेबलांच्या मधल्या बोळात उभे असताना कुणी हाक मारली की गर्रकन वळा. मागे काय आडवं झालं ते बघायची जबाबदारी तुमची नाही. ज्याचं मॉडेल आहे तो बघेलच.

‘हे उडतं का?’ हा प्रश्न विचाराच. ‘नाही’ म्हटलं की ‘मग उपयोग काय?’

बी-२५ मिचेलसारखं पुढे नाकाखाली चाक असलेलं विमान दिसलं, तर त्याची शेपटी बोटानं दाबून सोडून द्या. असं विमान मागे कलून शेपटीवर बसू नये म्हणून त्याच्या नाकात शिसं भरलेलं असतं. पुरेसं भरलंय का, हे कुणीतरी तपासायला नको? नाक आपटून पुढच्या चाकाचा पाय मोडलाच, तर शिसं जास्त झालं असं शांतपणे सांगा.

रंगाबद्दल मात्र माघार घेऊ नका. रंग चुकलेलाच असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाच्या कुशीवर लाल-पांढऱ्या-निळ्या गोलाभोवती पिवळं कडं दिसलं, की मोबाइलवर त्या काळचा एखादा कृष्णधवल फोटो शोधा आणि समोरच्याच्या नाकाशी धरा. ‘बघा, हे कडं काळपट आहे.’ त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग दिसतच नसे आणि पिवळाही तिच्यावर गडद उमटायचा, असं काहीतरी तो बिचारा सांगू लागेल. तेवढ्यात पुढच्या टेबलाकडे सरका. तुम्ही स्वतः शेवटचं किट, म्हणजे सुट्या भागांचा जोडायचा संच, कधी पूर्ण केलंत, असं कुणी विचारलं तर घरी कपाटभर किटं पडली आहेत हे उत्तर पुरेसं आहे.

परीक्षक टॉर्च मारून सांधे तपासत असतील, तर त्यांच्या खांद्यावरून निकाल तुम्हीच जाहीर करा.

आता मुख्य विषय. विमान उचलायचं कसं? पंखाला धरून. बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, असेल तर वरच्या पंखाला, चिमटीत. परवाच्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी याचं प्रात्यक्षिकच दिलं, माझ्या फेअरी स्वोर्डफिशवर. १/७२ चं मॉडेल, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. खऱ्या स्वोर्डफिशच्या पंखांचा विस्तार १३.८७ मीटर, म्हणजे टेबलावर जेमतेम १९ सेंटिमीटर. वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये काडीएवढे स्ट्रट, म्हणजे आधाराचे खांब, आणि त्यांच्यामधून तिरप्या ताणलेल्या तारा. या तारा म्हणजे बारीक लवचीक धागा. प्रत्येक टोकासाठी आधी भोक पाडायचं, मग रंग, मग वरचा पंख सगळ्या स्ट्रटवर एकाच वेळी टेकवायचा, आणि मग एकेक धागा चिमट्यानं ओवायचा, श्वास रोखून. हे सगळं त्यांनी वरून उचललं. कशासाठी? तर टॉर्पेडो बघायला! अहो, टॉर्पेडो पोटाखालीच लटकतोय. जरा वाकून डोळे टेबलाच्या पातळीला आणले की तो आख्खा दिसतो. पण वाकणार कोण?

२६ मे १९४१ ला आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून उडालेल्या १५ स्वोर्डफिशनी बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर हल्ला केला. हवा भयंकर, विमानं संथ, वर कापडाचं आवरण. त्यांच्या टॉर्पेडोनं बिस्मार्कचं सुकाणू अडकून बसलं, आणि एवढी तोफा-बंदुकांनी भरलेली युद्धनौका त्यातलं एकही विमान पाडू शकली नाही. बिस्मार्कवर हे गृहस्थ नव्हते, नाहीतर इतिहास वेगळा झाला असता.

वर सल्ला काय? ‘एकच तर काडी निघालीय, सुपरग्लूनं मिनिटात चिकटेल.’ हो का? सुपरग्लूच्या वाफेनं कॉकपिटपुढची पारदर्शक काच पांढरी पडते, ती कोण पुसणार? आणि काडी एकच निघत नाही. एक स्ट्रट सुटला की त्या बाजूच्या सगळ्या तारा सैल. स्ट्रट परत बसवायचा तर पंख फाकवावे लागतात, फाकवले की शेजारचा सांधा तडकतो. तारांची टोकं पंखातून आरपार घेऊन, घासून, रंगाखाली लपवलेली, आणि त्या रंगावर डिकल, म्हणजे खुणांचं चिकटचित्र. म्हणजे पंख काढा, रंग काढा, डिकल काढा. त्या किटचं जादा डिकल कुठून आणू? ‘मिनिटात’ म्हणे!

संयोजकांकडे गेलो तर म्हणाले, ‘तुम्ही मॉडेल टेबलाच्या मध्यभागी ठेवायला हवं होतं.’ कडेची जागा त्यांनीच दिली होती. कार्डासकट.

बास झाली सल्लागिरी. हात लावायचा नसतो, इतकं साधं आहे. खालची बाजू बघायची असेल तर विचारा. आम्हाला दाखवायची हौसच असते. कुठे धरलं की काही मोडत नाही हे आम्हाला माहीत असतं, आम्ही उचलून दाखवतो, आरसा खाली सरकवून दाखवतो, तुम्ही कंटाळाल इतकं दाखवतो. आणि लहान मुलांवर ढकलू नका. मुलं हात मागे बांधून, टेबलाला नाक लावून बघतात. माझ्या डोळ्यांदेखत जे मोडलंय ते सगळं मोठ्या माणसांनी.

संयोजकांनीही पाट्या छापणं पुरे करावं आणि टेबलांपुढे दोरी बांधावी, तिथे एक माणूस उभा करावा. प्रवेश अर्ज भरून घेताना आमच्याकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेता, मग तुमची म्हणून काही जबाबदारी आहे की नाही?

आणि ते गृहस्थ! मोडलेली बाजू भिंतीकडे फिरवून विमान परत ठेवलं आणि पुढच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चूक कुणाच्याही हातून होते, पण ही चूक नव्हे, ही लबाडी. मोडलंत तर तिथेच थांबा, हाक मारा, सॉरी म्हणा. पायाखाली बघितल्याशिवाय पाऊल उचलू नका, कारण तुटलेला स्ट्रट तिथेच पडलेला असतो. तो शोधायला खाली बसा. गुडघे दुखत असतील तर दुखू देत.