रोबोटच्या मेलवरून अर्ज

जिनिंगमध्ये रोबोट येणार म्हटल्यावर काट्यावरचे काकाजी गेटवर खुर्ची टाकून बसले. आलं काय, तर सॉफ्टवेअर. "चहा बी पेत नाही? मंग काम कायच्या भरोशावर करन?" असं म्हणून काकाजींनी खुर्ची उचलली.

काम तसं किरकोळ. दिवसभर कापसाच्या गाड्या काट्यावर चढतात, पावत्यांची एक्सेल फाइल नागपूरच्या सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये जाते. रात्री रोबोटनं एकट्यानं लॉगिन करायचं आणि वजन, नमी, भाव हिशेबात चढवायचे. दिवसा माझ्या देखत सगळं बिनबोभाट. रात्री मात्र एकच रड: झेड ड्राइव्ह, म्हणजे त्याच शेअर फोल्डरला माझ्या कॉम्प्युटरवर दिलेलं छोटं नाव, सापडत नाही.

अन् माझ्या स्क्रीनवर झेड ढळढळीत! पण विंडोजचा हिशेब असा, की ड्राइव्ह ज्याच्या लॉगिनमध्ये जोडला त्यालाच दिसतो. रोबोट येतो स्वतःच्या खात्यानं, वेगळ्या सेशनमध्ये. त्याच्या लेखी झेड जन्मालाच आलेला नाही. त्याला अख्खा पत्ता द्यावा लागतो: दोन उलटे स्लॅश, सर्व्हरचं नाव, एक उलटा स्लॅश, फोल्डरचं नाव. हा पत्ता मी नागपूरच्या आयटीवाल्याकडून फोनवर उतरवून घेतला.

"स्लॅश उलटा बरं का."

"म्हणजे कोणीकडे कललेला?"

"डावीकडे."

"वरून डावीकडे की खालून?"

यावर रेंज गेली. आमच्याकडे रेंज नेमकी अशाच वेळी जाते.

पत्ता लागला, तर 'ॲक्सेस डिनाइड'. आयटीवाला म्हणे, परवानगी दिली आहे. दिली होती, पण फक्त शेअरवर. आतल्या फोल्डरची परवानगी निराळी असते, आणि दोघींत जी कडक तिचंच चालतं. काकाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "काहून गा, गेट उघडलं अन् गोदामाचं कुलूप तसंच?" हे वाक्य मी आयटीवाल्याला जसंच्या तसं ऐकवलं. तासाभरात कुलूप निघालं.

मग ऐन सीझनमध्ये, गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना, रोबोट पुन्हा रुसला. पासवर्डची मुदत संपली होती. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीची सगळी खाती जिथून एकत्र सांभाळतात तिथे, मुद्दाम बदल केला नाही, तर पासवर्ड ४२ दिवसांनी बाद होतो. परत फोन.

"ज्याचं खातं त्यानंच पासवर्ड बदलायचा."

"साहेब, तो रोबोट आहे."

"बरं, आम्ही बदलून देतो. पण अर्ज त्याच्याच मेलवरून आला पाहिजे."