शिओताचा दोरा आणि ‘तेच ते’चा आरोप

नमस्कार,

खोलीभर दोऱ्यांची जाळी विणणाऱ्या जपानी कलाकार चिहारू शिओतावरच्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून मीही हात आखडता न घेता लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॅरिसच्या ग्रां पाले या प्रदर्शन-भवनातलं तिचं प्रदर्शन तुम्ही पाहिलंत, तिथे जो तो लाल दोऱ्यांपुढे उभा राहून फोटो काढत होता. ही बाई पंचवीस वर्षं एकच युक्ती वापरतेय, विणायला मदतनीस आहेत, आणि प्रदर्शन संपलं की जाळं कापून सगळं कचऱ्यात जातं. मग यात कला ती कोणती?

फोटोंचं खापर तिच्या माथी नको. गर्दी मोनालिसापुढेही तेच करते.

‘एकच युक्ती’ मात्र मला अजिबात पटत नाही. शिओताचा जन्म १९७२चा, ओसाका प्रांतातला. क्योतोच्या सेइका विद्यापीठात ती चित्रकला शिकत होती, पण कॅनव्हासवर उमटतंय त्यात आपलं काहीच नाही, ही बोच तिला स्वस्थ बसू देईना. १९९४ साली कॅनबेराला शिकत असताना तिने लाल इनॅमल पेंट स्वतःच्या अंगावर ओतून घेतला. पुढे जर्मनीत, स्वतःचं शरीर हेच माध्यम मानणाऱ्या मारिना अब्रामोविच या कलावतीकडे शिकताना उपाशी राहून शरीराची कसोटी पाहणारे प्रयोग केले. २००१च्या योकोहामा त्रैवार्षिक प्रदर्शनात माणसाच्या कितीतरी पट उंच, चिखलाने माखलेले झगे टांगले आणि त्यांच्यावर सतत पाणी सोडलं. या तिन्ही कामांचा भार दोऱ्यावर नाही. कातडी, रंग, चिखल, जे अंगाला चिकटतं आणि धुऊन जात नाही, त्याचा शोध आधीपासून चाललेला होता.

दोऱ्याकडे ती रेघ म्हणूनच पाहते. कागदावरची रेघ हवेत ओढायची, भिंतीवर स्टेपल करायची, परत आणायची, दुसऱ्या रेघेत अडकवायची. जवळून पाहिलंत तर बारीक बारीक त्रिकोण दिसतात, एकावर एक चढलेले. एकेक रेघ नजरेने सुटी धरता येईनाशी झाली की काम पुरं झालं, असं ती मानते. चित्रकाराचा हात सुटला नाही, त्याला फक्त खोलीएवढी जागा लागली.

आणि दोरा तोच असला तरी तो कशाला धरून ठेवतो, ते बघा ना! ती नऊ वर्षांची असताना रात्री शेजारचं घर जळालं. दुसऱ्या दिवशी तिथे कोळसा झालेला पियानो दिसला. त्यातून आलेल्या कामात जळका पियानो आणि रिकाम्या खुर्च्या काळ्या दोऱ्याच्या जाळ्यात आहेत. वाद्य समोर आहे, पण त्यातून आवाज येणं शक्य नाही. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात तिने दोन जुन्या होड्यांवर लाल दोऱ्यांनी पन्नास हजार किल्ल्या टांगल्या. सगळ्या किल्ल्या लोकांनी दिलेल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. पियानोपुढे जीव गुदमरतो, किल्ल्यांखाली आपण वर बघत राहतो. याला ‘तेच ते’ कसं म्हणायचं?

मदतनीस आहेतच. एवढं जाळं एकट्या माणसाच्या हातून उभं राहणार नाही, आणि ती हे लपवतही नाही. कापून टाकण्याबद्दल म्हणाल, तर ते त्या कामाच्या स्वभावातच आहे. विकायला-ठेवायला काही उरत नाही याची तुम्हाला चीड आली. मला उलट तेच भावतं.

एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. २०१७ साली पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानात तिने पांढऱ्या होड्या टांगल्या. माझ्या मते ते काम सजावटीपाशीच थांबलं.

पण तुम्ही पाहिलेल्या ग्रां पालेच्या प्रदर्शनाची मूळ मांडणी २०१९ला तोक्योच्या मोरी कलासंग्रहालयात झाली होती. त्याचं निमंत्रण आलं आणि दुसऱ्याच दिवशी कर्करोग उलटल्याचं तिला कळलं. पहिला आजार २००५चा. उपचार चालू असतानाच तिने काम केलं. त्या काळात तिने गाईचं कातडं चिरून लाल जाळी केली आणि खाली ब्राँझमध्ये ओतलेले स्वतःचे हातपाय ठेवले. त्यात दोऱ्याचं विणकाम नाही. तुमच्या प्रतिक्रियेत या कामाचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो: त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? अवश्य लिहा.