भरतीला सांगा, नाश्ता झाल्यावर ये

मालवणची सहल ठरली. किल्ला झाला, डॉल्फिन झाले, काजू आणि खाजं घ्यायला बाजारात एक तास ठेवला, आणि शनिवारी सकाळी अकरा ते साडेबारा एवढा तुकडा मोकळा राहिला. त्यात सर्फिंग बसवा. हवाई बेटांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या ज्या नादात आयुष्य घालवत आली, तो नाद तुम्हाला दीड तासात लागून, पुरा होऊन, जेवायला परत यायला काहीच हरकत नाही. पैसे आगाऊ भरलेत ना?

शिकवणारा पोरगा फोनवर म्हणेल, "दादानू, सकाळी साडेसहाक येवा." ऐकू नका. साडेसहाला उठायचं तर घरी काय वाईट होतं? शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती होती, बाण बरोबर काढून आपण दोन मार्क मिळवले होते. त्या आकृतीचा या फोनशी काही संबंध असेल अशी शंकाही मनात आणू नका. रात्रभर जमीन निवते, पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो आणि येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो. त्यामुळे सकाळची लाट इस्त्री केल्यासारखी येते, एकामागून एक, मोजता येईल अशी. ऊन चढलं, जमीन तापली की वारा फिरतो. मग त्याच पाण्यावर बारीक खळबळ सुरू होते आणि कुठली लाट कुठे फुटेल याचा नेम राहत नाही. ही तुमची अकराची बॅच.

भरती-ओहोटीचा प्रश्न हॉटेलच्या काउंटरवर सोडवा. तिथला माणूस अदबीने "बघतो" म्हणेल. खानावळीतल्या आजींना मात्र विचारू नका, कारण त्या हातातला नारळ खाली न ठेवता उत्तर देतील. तिथीला पाऊणने गुणायचं. आज षष्ठी, सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. उद्या पाऊण तास पुढे. हा हिशेब मुंबईचा, खाली मालवणकडे थोडा मागेपुढे होतो आणि तो किती होतो तेही आजींना ठाऊक असतं. पण त्यांच्याकडे ॲप नाही.

भरतीची वेळ कशाला हवी, असं विचारणाऱ्यांसाठी: लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते. दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात. भरती अर्ध्यावर असताना ती बहुतेक किनाऱ्यांवर सपाट वाळूवर फुटते आणि उतू गेलेल्या दुधासारखी लांबवर पसरत येते. शिकाऊ माणसाला हवा असतो तो हा फेस. पूर्ण भरतीला पाणी वरच्या चढावाच्या पुळणीला टेकलं की तीच लाट जागच्या जागी उभी राहते आणि धोबी कपडा आपटतो तशी आपटते. कपडा तुम्ही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं, पण सुट्टीत आकडेमोड कोण करतो!

पावसाळी सवलत मिळते का, हेही विचारून पाहा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ज्यांचं पोटच दर्यावर आहे ती माणसं होड्या वर ओढून, झापांनी शाकारून, जाळी विणत बसलेली असतात. तुम्ही मुंबईहून नऊ तास गाडी चालवून आलात, तुमची गोष्ट वेगळी.

आता कपडे. जीन्सची थ्री-फोर्थ उत्तम. सुती आणि जाड कापड भरपूर पाणी पितं आणि फळीवर चढताना तुमच्याआधी खाली उतरतं. शिकवणारा अंगाबरोबरचा, लांब बाह्यांचा रॅशगार्ड देईल, तो नाकारा. फळीचा वरचा भाग मुद्दाम खरखरीत असतो, त्यावर वाळू आणि मीठ बसतं, आणि तासभर त्यावर पोट घासलं की संध्याकाळी शर्टाचं बटण लावतानासुद्धा आठवण येते. सनस्क्रीन फक्त चेहऱ्याला लावा, कारण फोटोत चेहरा येतो. सर्फिंगमध्ये माणूस बराच वेळ पालथा असतो, त्यामुळे भाजतात त्या पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागच्या खोबण्या. तिथे लावायचं कुणाला सुचत नाही. परतीच्या प्रवासात सीटला टेकतात नेमक्या त्याच जागा.

खिशात गाडीची चावी असू द्या. हल्लीची, बटणाची, जी नुसती जवळ असली की दार उघडतं. खारं पाणी आत गेलं की दार उघडत नाही आणि गाडी ओढून न्यायला सावंतवाडीहून किंवा कणकवलीहून कुणीतरी येईपर्यंत कोकणचा निवांतपणा अनुभवता येतो. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. पालथं पडलं की तो बरोबर छातीच्या हाडाखाली येतो. अंगठी, साखळी, दोरी न लावलेला चष्मा या वस्तू समुद्र ठेवून घेतो. पावती देत नाही.

फळी निवडताना बाणेदारपणा दाखवा. पोरगा आठ-नऊ फुटांची, बावीस-तेवीस इंच रुंद, वरून मऊ फोम असलेली जाडजूड फळी पुढे करेल. दिसायला ती गादीसारखी असते आणि तिच्याबरोबर फोटो रुबाबदार येत नाही. तुम्ही भिंतीला टेकवलेली ती टोकदार, सहा फुटी, चकचकीत मागा. मोठी फळी शिकाऊला देतात ती जास्त तरंगते आणि कमी डुलते म्हणून. शिवाय डोक्यात बसली तर मऊ लागते. लहान फळीवर नवखा माणूस उभा राहणं दूरच, नुसता पालथा पडला तरी ती दोन्ही बाजूंना आलटून पालटून त्याला सांडते. पण रंग छान आहे तिचा.

यानंतर वाळूवरचा वर्ग असतो, अर्ध्या तासाचा. याच वेळेत फोनवरचे मेसेज बघून घ्यावेत. खरं तर सगळं सर्फिंग इथेच शिकवून होतं, पाण्यात फक्त परीक्षा असते. आधी तो तुम्हाला पाय जुळवून उभं करेल आणि न सांगता पाठीवर हलकेच ढकलेल. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा. उजवा पडला म्हणून ओशाळू नका, तसे पुष्कळ असतात. लीश, म्हणजे घोट्याला बांधायचा पट्टा आणि त्याची दोरी, मागच्या पायाला. पुढच्या पायाला बांधलीत की उभं राहताना तुम्ही स्वतःच्याच दोरीवर पाय द्याल. ही सोय कुणाला हवी असेल तर आहे.

मग फळीवर पालथे. शरीर बरोबर मधल्या रेषेवर, पायाची बोटं शेपटाकडे, आणि पाण्यात गेल्यावर फळीचं नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर दिसेल एवढंच पुढे सरकायचं. पुढे जास्त सरकलात तर नाक पाण्यात घुसतं, फळी थांबते आणि तुम्ही थांबत नाही. मागे राहिलात तर शेपूट बुडतं, फळी नांगर टाकल्यासारखी उभी राहते आणि लाट खालून निघून जाते. चूक चार बोटांची, परिणाम दोन वेगळ्या दिशांना. यावर पोरगा तीनदा बोलेल, तेव्हा रील निम्म्यावर आलेलं असेल.

उठण्याची कृती अशी. तळहात बरगड्यांशेजारी फळीवर सपाट, कडा पकडायच्या नाहीत. छाती उचलायची, एका दमात पाय खाली ओढून घ्यायचे, पुढचा पाय दोन्ही हातांच्या मधे, मागचा शेपटाच्या बाजूला, दोन्ही पावलं मधल्या रेषेवर आडवी, अंतर खांद्यांहून थोडं जास्त. गुडघे वाकलेले, कंबर नाही. नजर समोर किनाऱ्यावरच्या एखाद्या सुरूच्या झाडावर. वाळूत हे दहा-पंधरा वेळा करून घेतात. तुम्ही दोनदा करा आणि "आलं, आलं" म्हणा. दुसऱ्या वेळी आधी गुडघे टेकून, मग हात टेकून, मग "आई गं" म्हणून उठलात तरी चालेल. जमिनीवरून उठायची आपली तीच रीत आहे. लाट फक्त तेवढा वेळ थांबत नाही.

पोहता येतं का, या प्रश्नाला "येतं की" हे उत्तर द्या. सोसायटीच्या चार फुटी तलावात तुम्ही रुंदी पार केली आहे, आणि तिथे तळ जागचा हलत नाही हा तपशील आत्ता महत्त्वाचा नाही. रात्री उशिरापर्यंत बैठक झाली होती आणि सकाळी भरपेट घावणे खाल्ले, हेही सांगू नका. पालथं पडून पोटावर दाब आला की ते आपोआप कळेल.

पाण्यात उतरताना पाय उचलून ऐटीत टाका. कोळी लोक पाय वाळूत घासत चालतात ते आळसाने नव्हे. पाकट, म्हणजे चपटा मासा, उथळ पाण्यात वाळू पांघरून पडलेलं असतं. घासण्याची चाहूल लागली तर ते निघून जातं, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. मग सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखान्याची वाट धरायची. कार्यक्रमपत्रिकेत दवाखाना नव्हता, पण बसवता येईल.

कंबरभर पाण्यात पोचल्यावर फळी आपल्या आणि लाटेच्या मधे आडवी धरा. "दादानू, फळी आडवी धरू नकात!" अशी हाक येईल. तोपर्यंत एक लाट आली असेल आणि नऊ फुटांची फळी अख्खी तुमच्या बरगड्यांवर. फळी बाजूला, नाक लाटेकडे, ही साधी गोष्ट पहिल्या दिवशी याच पद्धतीने लक्षात राहते. लीशचा वेढा बोटांभोवती घेऊ नये, हेही बोटं सुजल्यावर.

किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे एक शांत, गडद पट्टा दिसतो. लाटा तिथे जवळजवळ नसतातच. मुलांना घेऊन नेमकं तिथेच उतरावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी ज्या वाटेने परत आत जातं ती वाट ती. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी असाच जोर असतो. पोरगा सांगेल की ओढीत सापडलात तर फळी सोडू नका, ओढीशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर सरका, पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग फेसाबरोबर आत या. तुम्ही सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहा, दम संपेपर्यंत. आणि "आज पाण्याक ओढ आसा, नको" असं म्हणून त्याने वर्गच रद्द केला, तर चिडून पैसे परत मागा आणि शेजारच्या किनाऱ्यावर स्वतःच उतरा. अशा हट्टाची बातमी दर मोसमात पेपरात असते. बातमीतला माणूस बहुधा पोहता येणारा असतो.

बरं, समजा आज ओढ नाही. पोरगा तुमच्या फळीचं शेपूट धरून उभा आहे, नाक किनाऱ्याकडे. मागे फेसाची भिंत आली, त्याने नेमक्या क्षणी ढकललं, फळीने एकदम वेग घेतला, आणि तो ओरडला, "उठा!" इथे तुम्ही पायांकडे बघा. पाय जागेवर आहेत का, हे बघायलाच हवं. डोकं खाली गेलं की वजन त्याच्यामागे जातं आणि फळी बाजूला निघून जाते. "खाली बघू नकात, समोर बघा!" हे वाक्य तो दिवसाला शंभरदा म्हणतो. पडताना डोकं पुढे करून सूर मारा. पाणी कंबरेएवढंच आहे आणि खाली वाळू आहे, हे मानेला कळू द्या. बाकीचे लोक अंग सैल सोडून, पसरून, आडवे पडतात आणि वर येताना हातांनी डोकं झाकतात, कारण फळी दोरीने ताणून परत येतेच.

एकदा, बहुधा विसाव्या खेपेला, दमल्यामुळे तुम्ही बघायचं विसराल आणि नजर चुकून त्या सुरूकडे जाईल. तीन सेकंद, फार तर चार. पायांखाली काहीतरी घरंगळतंय आणि आपण त्यावर आहोत. किनाऱ्यावर ज्याच्या हातात फोन दिला होता तो भाऊजी त्याच वेळी शहाळंवाल्याशी भाव करत असेल.

फोटो एकच मिळेल: वाळूवर पालथे पडलेले तुम्ही, हात बरगड्यांशी, आणि शेजारी खो-खो हसणारं एक अनोळखी पोर. तो संध्याकाळी थाळीवर बसल्या बसल्या टाका. केस विंचरायला हात वर जाणार नाही, पण फोनपुरता जातो. सुरमईचा काटा काढायला पानावर वाका. एवढा वेळ कपाळाच्या पोकळीत दडून बसलेलं सकाळचं खारं पाणी त्याच क्षणी नाकातून सुटेल, धार लागल्यासारखं, थेट सोलकढीच्या वाटीत.

आजी लांबून बघत असतील. "मीठ व्हया काय?" असं विचारतील.