"टॉर्क रेस जिंकतो" म्हणे, मग गिअर कशाला दिलेत?

"हॉर्सपॉवर गाडी विकायला, टॉर्क रेस जिंकायला." हॉट रॉडचा, म्हणजे जुन्या अमेरिकन गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेल्या गाडीचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर), आणि त्याच्या मागोमाग ठरलेला लवाजमा येतो: मोठ्या इंजिनाला पर्याय नाही, छोटं इंजिन जास्त आरपीएमवर (मिनिटाला फेरे) नेलं की नुसतं किंचाळतं, लाँग स्ट्रोकमध्येच (पिस्टनची लांब धाव) खरी ताकद असते, जास्त फिरवलं की इंजिन गेलंच म्हणून समजा, आणि जुने हॉट रॉडर कायम मोठ्या व्ही-एटच्याच मागे होते. मला स्वतःला मोठी इंजिनं आवडतात, शेव्हरोलेच्या ४५४ क्यूबिक इंची व्ही-एटचा आयडलला येणारा आवाज कोणाला आवडत नाही? पण म्हणून काहीही खपवून घ्यायचं असं नाही ना.

आधी टॉर्कचंच घेऊ. कुठला टॉर्क, क्रँकवरचा (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा) का चाकावरचा? गाडी ढकलतो तो चाकावरचा, आणि या दोघांच्या मधे गिअरबॉक्स न् डिफरन्शियल बसलेत हे त्या वाक्यात सोयीस्करपणे गाळलंय. अमेरिकन मापात हॉर्सपॉवर म्हणजे पाउंड-फूट टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. आता दोन इंजिनं घ्या, दोन्ही ३०० एचपीची. मोठं ते ३०० एचपी ४५०० आरपीएमला देतं, म्हणजे तिथे टॉर्क झाला ३५०. छोटं देतं ७५०० ला, टॉर्क फक्त २१०. इथे टॉर्कवाले टाळ्या वाजवतात. थांबा. मोठ्याच्या मागे ३.०० चा एक्सल लावा (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे तीन फेरे), छोट्याच्या मागे ५.०० चा. ३५० त्रिक १०५०, २१० पंचे १०५०. टॉप गिअर डायरेक्ट (एकास एक) धरला तर चाकंसुद्धा दोन्हीकडे मिनिटाला १५०० च फिरतायत, म्हणजे वेग तोच आणि रेटाही तोच. एक हमाल मोठं पोतं घेऊन सावकाश चालतो, दुसरा छोटी पोती घेऊन पळत फेऱ्या मारतो, संध्याकाळी ट्रक किती भरला ते बघायचं, पोत्याचा आकार नाही.

यात एक मेख आहे ती मान्य करतो. वरचा हिशोब एका बिंदूचा आहे. गिअर बदलला की आरपीएम खाली पडतात, आणि छोट्या इंजिनाचा पॉवर बँड (ताकद देणारा आरपीएमचा पट्टा) अरुंद असेल न् गिअरमधलं अंतर मोठं असेल तर ते बँडच्या बाहेर पडतं आणि गाडी मेल्यासारखी होते. खूप जणांनी छोट्या इंजिनाची गाडी चालवून "यात दम नाही" ठरवलेलं असतं ते बहुतेक वेळा यामुळेच, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रेसचा आणि एक्सल हायवेचा. दोष जुळणीचा, खापर फुटतं क्यूबिक इंचांवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर.

आणि खरंच टॉर्क रेस जिंकत असेल तर एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गवाल्यांना कोणीतरी जाऊन सांगा. तिथे ५०० क्यूबिक इंचाची, टर्बो ब्लोअर काही नसलेली इंजिनं असतात. एवढं मोठं इंजिन हाताशी असताना ते लोक ५००० वर शिफ्ट करत बसतात का? ते इतके वर नेत होते की २०१६ पासून नियमच करावा लागला, १०,५०० च्या वर नाही. डिस्प्लेसमेंट (इंजिनाचे क्यूबिक इंच) नियमाने बांधलं की पॉवर वाढवायला उरतं काय, आरपीएम.

आता "छोट्या इंजिनात दम नसतो" हे. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीतलं एलएस-६ इंजिन, ४५४ क्यूबिक इंच, ४५० एचपी, ५०० पाउंड-फूट. म्हणजे प्रत्येक क्यूबिक इंचाला साधारण १.१ पाउंड-फूट आणि १ एचपी. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन हॉट रॉडच्या परंपरेतलं नाही पण तुलनेला बरं आहे: १२२ क्यूबिक इंच, अमेरिकेत विकलेल्या पहिल्या मॉडेलला २४० एचपी आणि १५३ पाउंड-फूट. भागाकार केला तर टॉर्क इंचाला १.२५, फार फरक नाही, पण एचपी जवळपास २! कारण एकाची पॉवर ५६०० ला येते, दुसऱ्याची ८३०० ला. (वर एलएस-६ चा आकडा ग्रॉस आहे, १९७२ च्या आधी अमेरिकेत इंजिन बेंचवर जवळजवळ मोकळं ठेवून मोजायचे, तेव्हा खरी तफावत याहून जास्तच.) थोडक्यात टॉर्क किती हे बरंचसं डिस्प्लेसमेंट ठरवतं, तो सेकंदाला किती वेळा वापरायचा ते आरपीएम ठरवतात. "मोठ्या इंजिनात टॉर्क जास्त" हे खरंच आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

लाँग स्ट्रोकची गोष्ट तर सगळ्यात जास्त पसरलेली. क्रँकचा हात लांब म्हणून टॉर्क जास्त, ऐकायला एकदम पटतं. पण डिस्प्लेसमेंट तेवढंच ठेवून स्ट्रोक वाढवला तर बोअर (सिलिंडरचा व्यास) कमी करावा लागतो, पिस्टनचं तोंड लहान होतं, त्यावर पडणारा जोर कमी होतो. हात लांबला तेवढाच जोर घटला, हिशोब बरोबरीत. लोक ३५० च्या ब्लॉकमध्ये ४०० चा ३.७५ इंची क्रँक टाकून ३८३ करतात आणि टॉर्क वाढतो, पण तो ३३ इंच वाढले म्हणून. मोठ्या बोअरला वेगळा फायदा मिळतो, व्हॉल्व्ह मोठे बसतात, वरच्या आरपीएमला इंजिन श्वास घेऊ शकतं. शेव्हरोलेची ३०२, ३२७ आणि ३५० या तिघांचा बोअर ४ इंचच होता, स्ट्रोक ३.००, ३.२५ आणि ३.४८.

हीच ३०२ पुढच्या मुद्द्यालाही कामाला येते, "फिरवलं की फुटतं". १९६७ च्या झेड/२८ कॅमेरोत ती आली ती ट्रान्स-अ‍ॅम रेसिंगच्या ३०५ इंचांच्या मर्यादेत बसावी म्हणून. स्ट्रोक ३ इंच असल्यामुळे ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १७.८ मीटर. ४५४ चा स्ट्रोक ४ इंच, तिचा पिस्टन ५६०० लाच १९ मीटरवर पोचतो. म्हणजे टॅकोमीटरवर जी बिचारी शांत दिसतेय तिचे पिस्टन जास्त जोरात धावतायत! दिशा बदलतानाचा झटका मात्र ३०२ मध्ये साधारण सतरा टक्के जास्त, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, फक्त तिचा पिस्टन हलका आहे. खरा त्रास वर असतो, व्हॉल्व्ह ट्रेनमध्ये. पुशरॉड इंजिनात (कॅम खाली, व्हॉल्व्ह वर, मधे लांब दांड्या) आरपीएम फार वाढले की स्प्रिंग कमी पडतात, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, त्यालाच फ्लोट म्हणतात. त्यात सॉलिड लिफ्टर, म्हणजे टॅपेट सेट करत बसा. खर्च आहे, कटकट आहे, हे शंभर टक्के मान्य. पण "फुटतंच" नाही.

इतिहासाचं तर उलटंच आहे. १९४९ ला कॅडिलॅकचं ३३१ इंची व्ही-एट आणि ओल्ड्समोबिलचं ३०३ आलं, १९५१ ला क्रायस्लरचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन), तेही ३३१. मग १९५५ ला शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक आलं ते फक्त २६५. पत्र्याचे स्टँप केलेले हलके रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात), आटोपशीर वजन, आरपीएम आनंदाने घेणारं. हॉट रॉडरांनी ते उचलून धरलं, आणि १९५७ ला २८३ इंचांतून फ्युएल इंजेक्शनसह २८३ एचपी निघाले, ६२०० ला. १९७२ ला ड्रॅग रेसर बिल जेंकिन्सने प्रो स्टॉकमध्ये छोटीशी शेव्हरोले व्हेगा आणली, आत ३३१ चा स्मॉल ब्लॉक, आणि ४२६ हेमीवाल्यांना मागे टाकलं. हो, क्यूबिक इंचामागे गाडीचं किमान वजन ठरवणारा नियम तेव्हा त्याच्या बाजूने होता. पण कमी वजन हा छोट्या इंजिनाच्या सौद्याचाच भाग आहे, ते वेगळं काढून कसं चालेल?

एका ठिकाणी मात्र टॉर्कवाले जिंकतात, आणि तिथे ते जिंकतात हे मुकाट कबूल करावं: जड गाडी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रस्त्यावरचा वापर. सिग्नलवरून सुटताना कन्व्हर्टरमधून (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) २००० ला जे काय मिळतं त्यावरच गाडी निघणार, तिथे ४५४ चा हात कोणी धरत नाही. त्याच गाडीत ३०२ च टाकायची हौस असेल तर जास्त स्टॉलचा (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर आणि ४.१० चा एक्सल घ्यावा लागेल, आणि मग टॉप गिअर डायरेक्ट असेल तर २७ इंची टायरवर ताशी ६५ मैलाला इंजिन ३३०० च्या आसपास ओरडत राहील, ३.०८ च्या एक्सलवर तेच २५०० ला होतं. ऑटोमॅटिकचा आग्रह सोडून ०.६८ ओव्हरड्राइव्हचा फाइव्ह स्पीड लावला तर ४.१० वर सुद्धा २२५० ला येतं.