पाच वर्षांनी हा कोड कोण सांभाळणार?

बाहेरच्यांनी लिहिलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे विकीच्या सॉफ्टवेअरला नवी सोय जोडणारा कोड, विकिपीडियासारख्या एखाद्या मोठ्या विकीने स्वीकारावं म्हणून जे कोणी धडपडत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोड चांगला आहे का, हा तिथे दुय्यम प्रश्न असतो. मुख्य प्रश्न असतो तो तुम्ही निघून गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार हा. प्रश्न रास्त आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो विचारला जातो फार उशिरा, आणि माझा राग त्यावर आहे.

आम्ही तिघांनी मिळून मीडियाविकीसाठी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरसाठी, एक एक्स्टेन्शन लिहिलं होतं. लेखातले कोणते संदर्भ बंद पडलेल्या दुव्यांवर उभे आहेत, ते संपादकाला दाखवणारं. काहीशे पानांच्या एका छोट्या विकीवर ते वर्षभर बिनबोभाट चाललं. मग एका मोठ्या विकी मंचाकडे घेऊन गेलो आणि पहिल्याच रिव्ह्यूत कळलं की आपल्याला मोठं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, बाह्य दुव्यांचा अख्खा तक्ता चाळत होती. शेकड्यांत पानं असतात तोवर हे खपतं. लाखो पानांच्या विकीवर अशी एक क्वेरी डेटाबेस सर्व्हरला गुडघ्यावर आणते. तपासणी पान उघडताना करायची नाही, पान जतन झाल्यावर मागे जॉब क्यूमध्ये, म्हणजे सवडीने करायच्या कामांच्या रांगेत, ढकलायची, हे आम्ही तिथे शिकलो.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. दुवा जिवंत आहे का, हे आम्ही वाचकाच्या ब्राउझरमधून एका बाहेरच्या सेवेला विचारत होतो. म्हणजे कोण कोणता लेख वाचतंय, हे वाचकाच्या आयपी पत्त्यासकट तिसऱ्याच्या हातात जात होतं. विकीवर माणसं आपल्या आजारांबद्दल वाचतात, धर्माबद्दल वाचतात, राजकारणाबद्दल वाचतात. ज्या रिव्ह्यूअरने तिथे बोट ठेवलं, त्याचे मी आजही आभार मानतो. सिक्युरिटी रिव्ह्यूला कटकट म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की विकीचं पान कोणीही संपादित करू शकतं. त्यातला मजकूर एस्केप न करता, म्हणजे त्यात दडलेला कोड निष्प्रभ न करता, छापणारी एक ओळ राहिली, तरी कोणाचीही स्क्रिप्ट प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते.

सगळं दुरुस्त केलं. आणि मग चौदा महिने शांतता. शेवटी एक ओळ आली, याची देखभाल कोण करणार? तोवर तिघांपैकी दोघं नोकरीधंद्यात अडकून बाजूला झाले होते. मी एकटा उरलो होतो, अर्ज बंद झाला.

तरीही हा प्रश्न चुकीचा म्हणवत नाही, कारण ग्राफ एक्स्टेन्शनचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. विकिपीडियावर लेखांत आलेख काढायला ते वापरत. ज्या 'वेगा' लायब्ररीवर, म्हणजे आलेख काढणाऱ्या तयार कोडवर, ते उभं होतं तिच्या आवृत्त्या जुन्या झाल्या, आणि जबाबदारी घेणारी टीम उरली नव्हती. सुरक्षेतल्या त्रुटी समोर आल्यावर एप्रिल २०२३ मध्ये ते बंद करावं लागलं. हजारो पानांवरचे आलेख एकदम दिसेनासे झाले आणि त्याजागी 'चार्ट' हे नवं एक्स्टेन्शन लिहावं लागलं. ज्यांनी तासन् तास बसून ते आलेख रचले होते, त्या संपादकांना काय वाटलं असेल!

उलट उदाहरण नारायमचं. नारायम म्हणजे ताडपत्रावर कोरायची लोखंडी लेखणी. मल्याळम विकी मंडळींतून आलेलं हे टंकलेखनाचं एक्स्टेन्शन २०११ मध्ये विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, प्रकल्पांवर आलं आणि कितीतरी जणांना वेगळं सॉफ्टवेअर न टाकता आपल्या लिपीत लिहिता आलं. २०१३ मध्ये त्याचं काम युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर या भाषा निवडायच्या एक्स्टेन्शनने आपल्याकडे घेतलं. नाव गेलं, सोय राहिली. गरज संपादकांची होती, मागणी त्यांच्यातूनच आली होती. म्हणून माझा आग्रह आहे की कोडच्या आधी चावडीवर, म्हणजे विकीच्या चर्चापानावर, जा. साचे (पानापानांवर वापरायचे तयार नमुने) लिहिणाऱ्यांशी, विकीचा कारभार बघणाऱ्या प्रचालकांशी बोला, कौल घ्या. ज्यांच्यासाठी लिहिता, त्यांनाच नको असेल तर रिव्ह्यूअरला पटवून काय उपयोग?

कधी कोड बाहेरच राहतो आणि कल्पना आत जाते. विकीच्या पानांतली माहिती शोधता येईल अशी साठवणारं सिमँटिक मीडियाविकी हे एक्स्टेन्शन २००५ पासून आहे, कितीतरी स्वतंत्र विकी त्यावर चालतात, पण विकिपीडियाने ते कधी बसवलं नाही. मात्र ते घडवणाऱ्यांपैकीच काही जण पुढे विकिडेटाच्या, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्याच्या, उभारणीत होते, आणि २०१२ मध्ये तो सुरू झाला.

मोठ्या मंचांकडे माझं मागणं फार नाही. देखभालीचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. आतली एक टीम जोडीला घेतल्याशिवाय हे होणार नसेल, तर तसं पहिल्याच आठवड्यात सांगा. नकार पचतो. स्वयंसेवक तुटतो तो उत्तराची वाट बघून, कारण त्या महिन्यांतही तो मीडियाविकीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी आपला कोड जुळवत बसलेला असतो.

गेलं वर्षभर मी दुसऱ्यांच्या एक्स्टेन्शनमधले बग सोडवतोय. तिथेच दोघं जण भेटले, त्यांनाही मेलेल्या दुव्यांचा तेवढाच त्रास होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करतो आहोत. यावेळी देखभाल कोण करणार हे अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच आहे, तिघांच्या नावांसकट.